फ्रीजर गार, खालचा कप्पा कोमट? गॅस भरायच्या आधी घरच्या घरी ‘ही’ तपासणी करा

ग्रामीण प्रतिनिधी : वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा घट्ट, आणि खालच्या कप्प्यात ठेवलेलं दूध सकाळी फाटलेलं. डबल डोअर फ्रीज असलेल्या घरात ही तक्रार नवी नाही. तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक येतो, हात लावून बघतो आणि ‘गॅस गेलाय’ म्हणून सांगतो. गॅस भरला जातो, पैसे जातात, आठ-पंधरा दिवस फ्रीज चांगला चालतो आणि परत तेच रडगाणं सुरू होतं.

अशा वेळी बऱ्याचदा गॅसचा काही दोषच नसतो. फ्रीजमध्ये साचलेला बर्फ आपोआप वितळवणारी जी यंत्रणा असते, ती बंद पडलेली असते. तिला डिफ्रॉस्ट यंत्रणा म्हणतात. तिचे सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात, गॅसचं काम मात्र हजारांत जातं. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे मेकॅनिकला फोन करण्याआधी घरी ओळखता आलं, तर पैसे वाचतात. दूधदुभतं आणि इन्सुलिनसारखं औषध वाया जायचंही टळतं.

आधी बघा, तुमचा फ्रीज कोणत्या प्रकारचा

घरगुती फ्रीज मुख्यतः दोन प्रकारचे असतात. दारावरच्या स्टार लेबलवर प्रकार लिहिलेला असतो.

डायरेक्ट कूल : बहुतेक सिंगल डोअर फ्रीज या प्रकारात येतात. यात बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीच थंड होतात आणि बर्फ डोळ्यांना दिसतो. तो आपोआप वितळत नाही. थर्मोस्टॅटच्या खटक्यामध्ये एक बटण असतं, ते दाबावं लागतं. बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा होण्याआधीच, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर झाला की बटण दाबायचं. बर्फ वितळला की बटण आपोआप वर येतं. बटण दाबूनही बर्फ वितळत नसेल किंवा बटण वरच येत नसेल, तर थर्मोस्टॅट बदलावा लागतो. या फ्रीजमध्ये बर्फ साचणं हा बिघाड नाही, पण तो साचू दिला तर खाली गारवा उतरत नाही आणि बिल वाढतं.

फ्रॉस्ट फ्री : बहुतेक डबल डोअर फ्रीज या प्रकारचे. यात थंड करणारी कॉईल फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पत्र्याआड लपलेली असते. एक छोटा पंखा त्या कॉईलवरची गार हवा फ्रीजरमध्ये आणि तिथून वाटेने खालच्या कप्प्यात ढकलतो. पुढची सगळी माहिती याच प्रकारासाठी आहे.

यंत्रणा चालते कशी

दार उघडलं की बाहेरची ओलसर हवा आत जाते. ती ओल कॉईलवर पांढऱ्या दहिवरासारखी जमते. पावसाळ्यात हवेत ओल जास्त, म्हणून जमणंही जास्त. हा थर वेळच्या वेळी वितळवला नाही, तर कॉईलच्या पात्यांमधली फट बुजते आणि पंखा कितीही फिरला तरी हवा पलीकडे जात नाही. फ्रीजर कॉईलला चिकटून असल्यामुळे तिथे गारवा राहतो, पण खालचा कप्पा उपाशी राहतो.

हा थर वितळवण्यासाठी चार-पाच भाग मिळून काम करतात :

- टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड : साधारण ६ ते १२ तास फ्रीज चालला की कॉम्प्रेसर बंद करून हीटर सुरू करतो. जुन्या मॉडेलमध्ये फिरणारा टायमर, नव्यात बोर्ड.
- हीटर : कॉईलच्या खाली किंवा कॉईलमध्ये बसवलेला. काचेच्या नळीचा किंवा धातूच्या नळीचा असतो.
- बायमेटल : नाण्याएवढी गोल डबी, कॉईलच्या नळीला चिमट्याने लावलेली. कॉईल खूप गार असेल तेव्हाच ती हीटरला करंट जाऊ देते, आणि बर्फ वितळून कॉईल थोडी गरम झाली की तोडते. बोर्डच्या फ्रीजमध्ये तिच्या जागी बहुधा सेन्सर असतो.
- थर्मल फ्यूज : हीटर जास्त तापला तर एकदाच उडणारा फ्यूज. उडाला की तो बदलावाच लागतो.
- पाण्याची वाट : वितळलेलं पाणी कॉईलखालच्या भोकातून नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं.

या साखळीतला एक जरी दुवा तुटला, तरी बर्फ साचत जातो.

ओळखायच्या खुणा

पुढच्यापैकी दोन-तीन खुणा एकदम दिसल्या, तर संशय डिफ्रॉस्ट यंत्रणेवर घ्यावा.

१. फ्रीजरमधलं पाणी गोठतं, पण खालच्या कप्प्यात भाजी मलूल पडते, दूध टिकत नाही.

२. फ्रीजरच्या आतल्या मागच्या पत्र्यावर पांढरा बर्फ किंवा फुगवटा दिसतो.

३. पंख्याची पाती बर्फाला घासल्यासारखा खर्रखर्र आवाज येतो, किंवा पंख्याचा आवाजच बंद होतो.

४. कॉम्प्रेसर दिवसभर बंद होत नाही आणि लाईट बिल वाढतं.

५. लाईट बराच वेळ गेली, फ्रीज बंद राहिला, आणि लाईट आल्यावर एक-दोन दिवस फ्रीज एकदम चांगला चालला. ही खूण फार महत्त्वाची. कारण मधल्या काळात बर्फ आपोआप वितळलेला असतो.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल किंवा फ्रीजरच्या तळाला बर्फाची लादी तयार होत असेल, तर मात्र हीटर चालू असण्याची शक्यता जास्त. तिथे पाण्याची वाट तुंबलेली असते. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

आधी ही पाच साधी कारणं बाद करा

व्होल्टेज : स्टॅबिलायझरवरचा आकडा संध्याकाळी, गावात सगळ्यांचे दिवे आणि मोटारी सुरू असताना बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले, तर २०० वॅटचा हीटर १०० वॅटच्याही खाली येतो. हीटर चांगला असूनही ठरलेल्या वेळेत सगळा बर्फ वितळत नाही. अशा ठिकाणी सुटा भाग बदलून उपयोग नाही, चांगला स्टॅबिलायझर लावावा लागतो.

दाराचं रबर : दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर सैल आहे. चारी बाजूंनी आणि दोन्ही दारांना हे करून बघा. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. सैल रबरातून ओल सतत आत जाते आणि चांगली यंत्रणाही कमी पडते.

हवेची वाट : फ्रीजरमध्ये मागच्या जाळीला टेकवून पिशव्या कोंबल्या असतील, तर खाली हवा जाणार नाही. मटार, आमरस, मासळी यांच्या पिशव्या मागच्या बाजूपासून चार बोटं दूर ठेवा.

पंखा : वरचं दार उघडलं की बहुतेक फ्रीजमध्ये पंखा थांबतो. दाराच्या कडेला असलेलं छोटं बटण बोटाने दाबून धरा. पंखा फिरल्याचा आवाज आणि गार हवा आली पाहिजे. आली नाही, तर अर्ध्या तासाने परत बघा, कारण डिफ्रॉस्ट चालू असतानाही पंखा बंदच असतो.

खटका : थर्मोस्टॅटचा आकडा कुणी कमी तर केला नाही ना? घरात लहान मुलं असतील तर हे आधी बघावं.

खरी कसोटी : एक दिवसाची

या तपासणीला कोणतंही हत्यार लागत नाही. लागतो तो फक्त एक दिवस.

पहिली पायरी. फ्रीजचा प्लग काढा. नुसता बटणाने बंद करू नका, प्लगच काढा. सगळं सामान बाहेर घ्या.

दुसरी पायरी. दोन्ही दारं उघडी ठेवून फ्रीज २४ तास तसाच राहू द्या. मागच्या पत्र्याआडचा बर्फ जाड असतो, चार-पाच तासांत तो पूर्ण जात नाही. तळाला जुनी कापडं पसरा आणि कॉम्प्रेसरवरचा ट्रे भरून वाहत नाही ना, हे मधूनमधून बघा. लहान मुलं असतील तर दारं पूर्ण उघडी राहतील अशी खुर्ची लावा, म्हणजे मूल आत जाऊन दार बंद होण्याचा धोका राहत नाही.

तिसरी पायरी. आत कोरडं पुसून घ्या, दारं लावा आणि फ्रीज रिकामाच सुरू करा. खालच्या कप्प्यात पाण्याची एक बाटली ठेवा.

चौथी पायरी. दुसऱ्या दिवशी बघा, आणि पुढचे पंधरा दिवस कॅलेंडरवर खूण करत जा.

निकाल असा लावायचा :

- दुसऱ्या दिवशी वर-खाली दोन्हीकडे चांगला गारवा, आणि साधारण चार ते पंधरा दिवसांत परत तीच तक्रार : डिफ्रॉस्ट यंत्रणेत दोष. गॅस भरू नका.
- बर्फ पूर्ण वितळवूनही दुसऱ्या दिवशी फ्रीजरसुद्धा नीट गोठवत नाही : गॅस कमी, नळीत अडथळा किंवा कॉम्प्रेसर कमजोर. हे काम मेकॅनिकचंच.
- फ्रीजर पहिल्या दिवसापासून चांगला, खाली पहिल्या दिवसापासून हवा नाही : पंखा किंवा हवेच्या वाटेची झडप.
- महिना झाला तरी तक्रार नाही : दार नीट न लागणं, लाईटचा गोंधळ किंवा एखाद्या वेळी गरम भांडं ठेवल्यामुळे बर्फ साचला असावा.

सगळ्या तपासणीचं सार या चार ओळींत आहे. पुढचं काही करता आलं नाही, तरी एवढं केलेलं असलं की मेकॅनिकशी बोलताना माणूस अंधारात राहत नाही.

कॉईलवरचा बर्फ काय सांगतो

थोडी हिंमत असेल तर तक्रार परत आल्यावर, बर्फ वितळायच्या आधी, प्लग काढून फ्रीजरचा मागचा पत्रा खोलून बघता येतो. एक-दोन स्क्रू आणि खाचा असतात. पत्रा बर्फाने चिकटलेला असेल तर ओढू नका, तुटतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं लावून मोकळा करा. पंख्याची वायर पत्र्याला जोडलेली असू शकते, ती ताणू नका. मोबाईलमध्ये आधी फोटो काढून ठेवा, म्हणजे परत बसवताना चूक होत नाही.

संपूर्ण कॉईल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या जाड बर्फात गाडलेली असेल, तर गॅस ठीक आहे आणि डिफ्रॉस्ट बंद आहे. कॉईलच्या एका टोकाच्या दोन-तीन नळ्यांवरच बर्फाचा गोळा आणि बाकी नळ्या कोरड्या असतील, तर गॅस कमी असण्याची शक्यता. कॉईल साफ आणि तळाला मात्र बर्फाची लादी असेल, तर पाण्याची वाट तुंबली आहे.

बाहेरून आणखी एक खूण मिळते. बऱ्याच फ्रीजमध्ये बाजूच्या भिंतींत नळ्या असतात. कॉम्प्रेसर तासभर चालू असताना या भिंती हाताला कोमट लागल्या पाहिजेत. कॉम्प्रेसर सतत चालतोय, भिंती गार आणि फ्रीजरही गार नाही, असं असेल तरच गॅसचा संशय धरावा.

मीटरच्या लाल दिव्यावरून हीटर तपासा

फिरणाऱ्या टायमरचा फ्रीज असेल तर ही युक्ती चालते. टायमर बहुतेक थर्मोस्टॅटच्या पेटीत किंवा मागे कॉम्प्रेसरजवळ असतो. त्याला चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायची खाच असते.

कॉईल गार असली पाहिजे, म्हणजे फ्रीज निदान काही तास चाललेला हवा. प्लग काढा. खाच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवा. उलटी फिरवू नका. ‘टक्’ असा आवाज आला की थांबा. आता घरातले बाकी सगळे दिवे, पंखे, टीव्ही, इनव्हर्टर बंद करा आणि फ्रीजचा प्लग लावा. टायमर डिफ्रॉस्टवर असेल तर कॉम्प्रेसर सुरू होणार नाही. तो सुरू झाला, तर प्लग काढून पुढचा ‘टक्’ येईपर्यंत फिरवा.

आता मीटरजवळ जा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. तो आकडा ३२०० असेल, तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॅट. मिनिटाला आठ-दहा वेळा लुकलुकला तर दीडशे ते पावणेदोनशे वॅटच्या आसपास करंट ओढला जातोय, म्हणजे हीटर चालू आहे. मिनिटभरात एकदाही किंवा जेमतेम एकदा लुकलुकला, तर हीटरपर्यंत करंट जात नाही. तुमच्या मीटरचा आकडा वेगळा असेल तर हिशेब असा : मिनिटातल्या लुकलुकी गुणिले ६०,००० भागिले मीटरवरचा आकडा, म्हणजे वॅट. व्होल्टेज कमी असेल तर वॅटही कमी भरतील, हे ध्यानात ठेवावं.

हीटर चालू निघाला, तर फ्रीज तसाच चालू ठेवा. २० ते ३० मिनिटांत कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला पाहिजे. तासभर झाला तरी सुरू झाला नाही, तर टायमर अडकलेला आहे. आणि हाताने फिरवल्यावर हीटर चालतो, पण एरवी आठवडाभरात बर्फ साचतोच, तर टायमर पुढे सरकत नाही. दोन्ही वेळा टायमर बदलायचा.

बोर्डवर चालणाऱ्या फ्रीजमध्ये डिफ्रॉस्ट हाताने सुरू करायची पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी असते. तिथे मेकॅनिककडून ते करून घ्यावं आणि त्याच वेळी मीटर बघावं.

मल्टिमीटर असेल तर

गावात मोटार रिवायंडिंग करणाऱ्याकडे किंवा वायरमनकडे मल्टिमीटर असतोच. घरात आयटीआय झालेला मुलगा असेल तर तोही हे करू शकतो. प्रत्येक तपासणी प्लग काढून आणि त्या भागाचा जोड सोडवूनच करायची.

थर्मल फ्यूज : दोन्ही टोकांत आवाज किंवा शून्याजवळ आकडा आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज उडालेला आहे.

हीटर : त्यावर वॅट लिहिलेले असतात. १५० वॅटच्या हीटरला साधारण ३५० ओहम, २०० वॅटच्या हीटरला साधारण २६५ ओहम आले पाहिजेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळाला. काचेची नळी आतून काळी पडली असेल किंवा तडकली असेल, तर मीटर लावायचीही गरज नाही. काचेला उघडा हात लावू नका.

बायमेटल : इथे बरेच जण फसतात. बायमेटल घरातल्या उन्हाळी हवेत करंट जाऊ देत नाही, आणि ते बरोबरच असतं. म्हणून बाहेर काढून लगेच ‘खराब’ म्हणू नये. एका भांड्यात बर्फाचे बारीक तुकडे घ्या आणि तीन भाग बर्फाला एक भाग मीठ मिसळा. नुसत्या बर्फाचं तापमान शून्य असतं, ते पुरत नाही. मीठ घातलं की ते शून्याच्या बरंच खाली जातं. बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहा-पंधरा मिनिटं त्यात दाबून ठेवा. आता मीटरने आवाज दिला पाहिजे. नाही दिला तर बायमेटल बदला. उलट साध्या हवेतही आवाज येतच असेल, तर ते चिकटलेलं आहे. असं चिकटलेलं बायमेटल हीटरला थांबवत नाही आणि मग फ्यूज उडतो. म्हणून फ्यूज उडालेला सापडला की बायमेटलही सोबत बदललेलं बरं.

सेन्सर : बोर्डच्या फ्रीजमधला सेन्सर गार झाला की त्याचे ओहम वाढतात, कोमट झाला की कमी होतात. हातात धरून आणि बर्फात ठेवून दोन्ही आकडे बघा. आकडा हलतच नसेल तर सेन्सर खराब.

वायर : गावाकडे हे कारण विसरून चालत नाही. उंदीर फ्रीजच्या मागच्या वायरी कुरतडतात. जोडाजवळ हिरवट गंज चढलेला असतो. सगळे भाग चांगले निघाले आणि तरी हीटर चालत नसेल, तर वायर आणि जोड नीट बघावेत.

पाण्याची वाट मोकळी कशी करायची

मागचा पत्रा काढल्यावर तळाला एक भोक दिसतं. मोठी नवी सिरिंज घ्या, सुई काढून टाका, आणि कोमट पाणी थोडं थोडं सोडा. उकळतं पाणी वापरू नका, प्लास्टिक वाकतं. पाणी मागच्या ट्रेमध्ये पडू लागलं की वाट मोकळी झाली. ट्रे काढता येत असेल तर तोही धुवा, वास जातो. हे काम वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी केलं तर पुढचा त्रास वाचतो.

लाईटच्या लपंडावाने होणारा घोळ

लाईट गेली की फिरणारा टायमर आहे तिथेच थांबतो. नेमकी डिफ्रॉस्ट चालू असताना लाईट गेली, तर ती आल्यावर फ्रीज उरलेली डिफ्रॉस्टची मिनिटं पूर्ण करतो. तेवढा वेळ कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद. घरच्यांना वाटतं, लाईटच्या झटक्याने फ्रीज जळाला. अशा वेळी अर्धा तास थांबावं. प्लग काढ-घाल करू नये.

शेतातल्या वस्तीवर लाईट बराच वेळ नसते. कॉईलवरचं दहिवर अर्धवट वितळतं आणि लाईट आल्यावर त्याचा कडक बर्फ होतो. असं रोज घडत असेल, तर यंत्रणा चांगली असूनही महिन्या-दोन महिन्यांनी फ्रीज एक दिवस बंद ठेवून पूर्ण वितळवून घ्यावा. वितळवायचा दिवस लाईट नसण्याच्या दिवसाशी जुळवला तर सोयीचं पडतं.

हे मात्र करू नका

- सुरी, विळा, पेचकस यांनी बर्फ खरवडू नका. ॲल्युमिनियमची नळी फुटली की गॅस जातो आणि काही शे रुपयांचं काम हजारांवर जातं.
- मेणबत्ती, स्टोव्ह, निखारे फ्रीजजवळ नेऊ नका. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेणारा आहे. मागच्या लेबलवर त्याचं नाव असतं.
- थर्मल फ्यूज काढून वायर सरळ जोडू नका. हीटर तापत राहिला तर आतलं प्लास्टिक वितळून आग लागू शकते. कुणी ‘काही होत नाही, डायरेक्ट करून देतो’ म्हणालं, तर नको म्हणून सांगा.
- ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून प्लगला हात लावू नका. फ्रीजला अर्थिंग असलंच पाहिजे. दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी तो प्लग काढा आणि वायरमन बोलवा.

मधल्या काळात दूध आणि औषधं

इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते, आणि ती गोठूही द्यायची नसते. फ्रीज बंद ठेवायच्या आधीच ती शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवावी. वापरात असलेली बाटली किती दिवस बाहेर चालते, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारावं. तात्पुरती सोय म्हणून मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि आत कोरड्या डबीत बाटली, असं सावलीत ठेवतात. त्याने उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा काही अंश गारवा मिळतो, पण ते फ्रीजची जागा घेत नाही. खालचा कप्पा बरेच दिवस कोमट राहिला असेल, तर आत ठेवलेल्या इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना विचारूनच पुढचा डोस घ्यावा. जनावरांच्या लसींनाही हेच लागू. कोमट झालेली लस टोचून उपयोग होत नाही, आणि लस दिली या भरवशावर आपण गाफील राहतो.

दूध तापवून, विरजण लावून किंवा केंद्रावर घालून मोकळं व्हावं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त कोमट कप्प्यात राहिलं असेल तर ते कुणीही खाऊ नये.

मेकॅनिकशी बोलताना

फोनवर ‘फ्रीज बिघडलाय’ एवढंच सांगू नका. असं सांगा : “डबल डोअर आहे, फ्रॉस्ट फ्री. एक दिवस बंद ठेवून बर्फ वितळवला, नंतर आठ दिवस चांगला चालला, परत खाली गारवा नाही. हीटर, बायमेटल, फ्यूज आणि टायमर घेऊनच या.” मॉडेल नंबर आतल्या बाजूच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो पाठवा. म्हणजे माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि दुसऱ्या खेपेचा व्हिजिट चार्ज वाचतो.

तो गॅस भरायचं म्हणाला, तर दोन प्रश्न विचारा. कॉईलवर बर्फ कुठपर्यंत आहे ते दाखवाल का? आणि गॅस गेला असेल तर गळती कुठे आहे? गॅस बंद नळ्यांत असतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असलीच पाहिजे, आणि ती न बुजवता भरलेला गॅस परत जाणारच. चांगला मेकॅनिक या प्रश्नांवर चिडत नाही, उलट दाखवून देतो.

बदललेला जुना भाग मागून घ्या, पावतीवर भागाचं नाव आणि किती दिवसांची हमी आहे हे लिहून घ्या. फ्रीज वॉरंटीत असेल तर स्वतः पत्रा खोलायच्या आधी वॉरंटी कार्ड वाचा. खोलल्यामुळे हमी जाऊ शकते. कंपनीचं सेवा केंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

थोडक्यात

फ्रीजर गार आणि खाली कोमट, तर आधी व्होल्टेज, रबर, पंखा बघा. मग प्लग काढून २४ तास दारं उघडी ठेवा. त्यानंतर काही दिवस चांगला चालून परत बिघडला, तर दोष डिफ्रॉस्टचा. वितळवूनही फ्रीजर गोठवत नसेल, तरच गॅसचं बघायचं. एवढा क्रम घरातल्या एकाला जरी पाठ असला, तरी पुढच्या वेळी मेकॅनिक ‘गॅस गेलाय’ म्हणाला की खिशात हात घालण्याआधी कॅलेंडरवरच्या खुणा दाखवता येतील.